लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करताना पैसे नेमके कुठे घालायचे?

ऑनलाइन दुकानांत ‘होम स्टुडिओ’ नावाचा खोका हमखास दिसतो. सोनेरी जाळीचा माइक, टेबलाला अडकवायचा दांडा, फोमची टोपी आणि टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन असलेली वायर. घरात कुणी गाणारं असलं की हा खोका येतो, पिन लॅपटॉपच्या भोकात जाते आणि पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना गाण्यामागे पावसासारखी खरखर येते. मग सॉफ्टवेअर बदललं जातं, यूट्यूबवर ‘नॉइज रिमूव्हल’ शोधलं जातं आणि शेवटी ‘आपला लॅपटॉप जुना आहे’ असं ठरतं.

खरं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. तो माइक कंडेन्सर जातीचा आहे. त्याला चालायला वीज लागते, सहसा ४८ व्होल्ट. लॅपटॉपच्या भोकातून मिळतात जेमतेम काही व्होल्ट, तेही हेडसेटच्या इवल्याशा माइकसाठी ठेवलेले. उपाशी माइक क्षीण आवाज देतो, लॅपटॉप तो अनेक पटींनी वाढवतो आणि आवाजाबरोबर आतली खरखरही वाढते. लॅपटॉप नवा घेतला तरी ती जाणार नाही.

म्हणून खरेदीची यादी करण्याआधी आवाज गळ्यातून निघून फाइलपर्यंत कसा पोचतो ते बघू. ते कळलं की काय घ्यायचं आणि काय नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं.

## आवाजाची वाट

आवाज म्हणजे हवेतलं हलणं. ते आधी खोलीत पसरतं, भिंतींवर आपटतं आणि मग माइकपर्यंत येतं. माइक त्या हलण्याचं विजेत रूपांतर करतो, पण ही वीज फार बारीक असते, काही मिलिव्होल्टची. ती वाढवणारा भाग म्हणजे प्रीअँप. वाढलेली वीज आकड्यांत मोजली जाते आणि ते आकडे यूएसबीने संगणकात जातात. प्रीअँप आणि ही मोजणी करणारं यंत्र एकाच डबीत असतं, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. संगणकात ते आकडे लिहून घेणाऱ्या, एकावर एक थर रचू देणाऱ्या सॉफ्टवेअरला डॉ (DAW, डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात. पुढे सोयीसाठी नुसतं सॉफ्टवेअर म्हणू.

विहीर, पंप, टाकी, नळ अशी ही रांग आहे. विहिरीतलं पाणी गढूळ असेल तर पितळी नळ बसवून उपयोग नाही. रेकॉर्डिंगमधली विहीर म्हणजे खोली आणि माइकची जागा. गंमत अशी की यावर खर्च सगळ्यात कमी होतो आणि लक्षही सगळ्यात कमी दिलं जातं.

## आधी खोली: टाळी वाजवून बघा

खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा खणखणीत टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा धातूसारखा थरथराट ऐकू आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा उड्या मारतो आहे. आपल्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, चारही बाजूंना गिलावा आणि वर स्लॅब, त्यामुळे हे जवळपास ठरलेलंच असतं. हा थरथराट एकदा गाण्यात मिसळला की कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही.

यावर बाजारातलं उत्तर म्हणजे इंचभर जाडीचा काळा फोम. तो फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर शोषतो. डग्ग्याचा घुमारा किंवा पुरुषी आवाजाचा खर्ज त्यातून सहज आरपार जातो, कारण त्या लहरी लांब असतात: १०० हर्ट्झची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटरची. परिणाम असा की चमक मरते, घुमणं राहतं आणि आवाज कोंदट येतो.

त्यापेक्षा घरातली कापसाची जाड गादी उभी करा, तिच्यावर दोन गोधड्या टाका, खाली सतरंजी अंथरा. गादी कुठे उभी करायची याला महत्त्व आहे. बहुतेक माइक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फार कमी. म्हणजे माइक गाणाऱ्याकडे बघतो आणि त्याला गाणाऱ्याच्या पाठची भिंत दिसते. म्हणून गादी गाणाऱ्याच्या पाठीशी हवी. बरेच जण ती माइकच्या मागे लावतात आणि फरक पडला नाही म्हणून काढून टाकतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून गायलं तरी छान काम होतं. फक्त कपाट लोखंडी असेल तर आधी डग्गा किंवा टेबल जोरात वाजवून बघा. दारं, वरची भांडी, खिडकीची काच, काय काय झणझणतं ते तेव्हाच कळतं. झणझणणाऱ्या जागी कागदाची घडी खोचली की झालं.

## ‘एवढं करूनही रिक्षाचा आवाज येतोच की!’

येणारच. घुमणं कमी करणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आवाज अडवायला वजन आणि फट नसणं लागतं: जाड भिंत, दुहेरी काच, दाराखाली रबर. गादी आणि फोम ते करू शकत नाहीत. भाड्याच्या घरात करण्यासारखं एवढंच की खिडकी आणि पंखा बंद ठेवायचा, माइकची पाठ खिडकीकडे करायची आणि जवळून गायचं.

‘जवळून’ याच्यामागे साधा हिशोब आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीचं घुमणं आणि रस्त्याची गडबड तेवढीच राहते. ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आलात तर १२ डेसिबलचा फायदा, एक रुपयाही न घालता. फार जवळ गेलं की मात्र बहुतेक माइकांत खर्ज फुगतो आणि प, फ, ब, भ या अक्षरांना फट्कन हवा बसते. यासाठी मधे जाळी लावतात. भरतकामाच्या रिंगवर ताणलेला जुना नायलॉनचा मोजा हेच काम करतो. माइक नाकाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली वळवला तर फुंकर त्याच्या खालून निघून जाते.

## माइक: दोन जाती, दोन स्वभाव

डायनॅमिक माइकला वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि तोंडाशी धरून वापरला जातो. स्टेजवर सगळीकडे दिसणारा शूर एसएम५८ याच जातीचा, १९६६ पासून बाजारात आहे. कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, याला फँटम पॉवर म्हणतात. तो बारीकसारीक टिपतो: मुरकीतला श्वास, तबल्याच्या चाटेवरच्या (काठावरच्या) बोटाची टिकली, मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी.

‘कंडेन्सर खोली जास्त पकडतो’ असं सर्रास म्हटलं जातं. त्यात अर्धंच सत्य आहे. दोघांची ऐकण्याची दिशा आणि अंतर सारखं ठेवलं तर खोलीचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. डायनॅमिक चार बोटांवर धरला जातो आणि कंडेन्सर फूटभर लांब, फरक तिथे पडतो. तरीही गोंगाटाच्या घरात पहिला माइक डायनॅमिक घ्यावा असंच मी सांगेन, कारण त्याच्या जवळ गेलेलं त्याला मानवतं. शांत खोली असेल, किंवा सतार, तंबोरा, सारंगी टिपायची असेल, तर कंडेन्सर.

यूएसबी माइकमध्ये माइक आणि इंटरफेस एकाच नळकांड्यात असतात. कथाकथन, अभिवाचन, पॉडकास्ट यांसाठी तो उत्तम आणि स्वस्त पर्याय आहे. पण पुढे तबला किंवा पेटी सोबत घ्यायची वेळ आली की अडचण होते. दोन यूएसबी माइक एकत्र चालवणं विंडोजवर त्रासाचं आहे, कारण दोघांची घड्याळं वेगळी असतात आणि दहा-पंधरा मिनिटांत गाणं आणि ठेका एकमेकांपासून सरकू लागतात.

तबला-डग्ग्यासाठी एकच माइक असेल तर तो वादकाच्या समोरून, दोघांच्या मधोमध, साधारण हातभर उंचीवर ठेवा आणि थोडा तबल्याकडे कलवा, कारण डग्गा आपोआपच भरपूर येतो. खाली उघडी टाइल नको. पेटीचा माइक भात्यापासून लांब, सुरांच्या बाजूला हवा, नाहीतर संथ आलापात भात्याचा सुस्कारा गाण्याइतकाच ऐकू येतो. दोन माइक असतील तर जुना ठोकताळा पाळा: प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये. नाहीतर एकच आवाज दोन माइकांत किंचित पुढेमागे पोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ होतो, नळीतून आल्यासारखा.

## इंटरफेस: खोक्यावरचा आकडा नीट वाचा

एकटं गाणं, किंवा गाणं आणि पेटी, यासाठी दोन माइक इनपुटचा इंटरफेस पुरतो. नवीन घ्यायला गेलं तर साधारण दहा ते वीस हजारांच्या पट्ट्यात चांगले पर्याय आहेत.

घोटाळा होतो तो चार माणसं एकत्र बसतात तेव्हा. ‘४ इन’ लिहिलेल्या डबीला चार माइक लागतील असं वाटतं. फोकसराइटच्या स्कार्लेट ४आय४ वर इनपुट चार आहेत, पण माइकचे प्रीअँप दोनच. उरलेले दोन कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासारख्या, आधीच ताकदवान आवाज देणाऱ्या यंत्रांसाठी. विकत घेण्याआधी ‘माइक प्रीअँप किती?’ हा एकच प्रश्न विचारा.

किती हवेत हे संगीतावर ठरतं. भावगीत किंवा अभंग, जिथे चाल आणि ठेका पक्का आहे, तिथे आधी ठेका आणि मग गाणं असं पाळीपाळीने करता येतं, दोन पुरतात. ख्यालात ते जमत नाही. समेवर येताना तबलजी गायकाकडे बघतो आणि गायक त्याच्याकडे. ते थर लावून होत नाही. ख्याल रेकॉर्ड करायचा असेल तर चार प्रीअँपचाच घ्या, किंवा चौघांनी गोल बसून मधे दोनच चांगले माइक लावा.

गेनचं बटण म्हणजे प्रीअँपचा नळ. सगळ्यात जोराची तान घ्यायला सांगा आणि सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच नळ उघडा. शून्याला टेकला की लहरीचं डोकं कापलं जातं आणि ते परत येत नाही. प्रत्यक्ष गाताना सगळे तालमीपेक्षा जोरात गातात, ती जागा आधीच ठेवायची.

## गाताना आवाज मागे का पडतो?

सगळ्यात जास्त वैताग याचाच. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जरा उशिरा येतो आणि गाणारा लयीत अडखळतो. संगणक आवाज एकेक थेंब घेत नाही, बादली भरली की उचलतो. या बादलीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० मोजण्या होत असतील आणि बादली २५६ ची असेल, तर ती भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात. येताना एक बादली, जाताना एक, वर रूपांतराचा वेळ. एकूण १२ ते १५ मिलिसेकंद.

हे कितपत खटकेल? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बैठकीत तबलजी पाच फुटांवर असला तर त्याचा ठेका गायकाच्या कानी साडेचार मिलिसेकंदांनी पोचतो आणि कुणाला काही जाणवत नाही. १५ मिलिसेकंद म्हणजे तबलजी पाच मीटरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. चालून जातं. बादली १०२४ ची केली की जाऊन-येऊन ४३ मिलिसेकंद, म्हणजे तबलजी पंधरा मीटरवर, सभागृहाच्या दारात. तिथे लय तुटते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये उशीर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो, म्हणून रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन लागतो. तोही कान पूर्ण झाकणारा, नाहीतर त्यातला तानपुरा माइकमध्ये झिरपतो.

बादली लहान ठेवली तर संगणकाची धावपळ होते आणि ‘टक्-टक्’ ऐकू येतं. म्हणून गाताना १२८ किंवा २५६, नंतर मिक्सिंग (सगळे थर एकत्र मिसळणं) करताना १०२४. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटणही असतं. त्याने आवाज संगणकात न जाता डबीतूनच हेडफोनला परततो, उशीर जवळपास शून्य. मात्र ते लावल्यावर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल.

विंडोजवर आणखी एक गोष्ट लागते, एएसआयओ. हा स्टाइनबर्ग कंपनीने आणलेला, आवाजाला विंडोजच्या गर्दीतून वेगळी वाट देणारा मार्ग. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, हे खरेदीआधी बघा. तो नसेल तर फुकटचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालतो, पण वेळ मारून नेण्यापुरता. मॅकमध्ये ही सोय आधीपासूनच आहे.

## ४८ की ९६? १६ की २४?

सेकंदाला किती वेळा मोजायचं आणि प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने, असे हे दोन आकडे. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झ ऐकू येतं आणि त्यासाठी त्याच्या दुपटीपेक्षा थोडं अधिक मोजलं की पुरतं. म्हणून सीडीत ४४,१०० आणि व्हिडिओत ४८,०००. घरी ९६,००० ने फाइल दुप्पट होते, गाणं दुप्पट चांगलं होत नाही. दुसरा आकडा मात्र २४ बिट ठेवाच. १६ बिटच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा, २४ वर १ कोटी ६७ लाखांहून अधिक. त्यामुळे गेन कमी ठेवून सुरक्षित रेकॉर्ड केलं तरी हळुवार आलाप स्वच्छ राहतो.

४८,००० आणि २४ बिटमध्ये एक ट्रॅक (एका माइकचा थर) मिनिटाला सुमारे ८.६ एमबी खातो. चार ट्रॅकची तासाची मैफल म्हणजे दोन जीबी.

## सॉफ्टवेअर: इथे पैसे शेवटी घाला

एकच गाणं दोन सॉफ्टवेअरमध्ये, कुठलाही इफेक्ट न लावता रेकॉर्ड केलं तर आवाजात फरक येत नाही, आकडे तेच असतात. फरक असतो तो काम करण्याच्या सवयीत.

मॅक असेल तर गॅराजबँड फुकट आहे, तिथूनच सुरू करा. विंडोजवर माझा कौल रीपरला. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. जुन्या संगणकावरही तो हलका चालतो. दिसायला रुक्ष आहे आणि पहिले दोन दिवस कंटाळा येतो, पण एकदा हात बसला की दुसरं काही नको वाटतं. ऑडॅसिटी फुकट आणि सोपं, एका आवाजाच्या वाचनाला उत्तम. मात्र विंडोजवर त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत एएसआयओ येत नाही, त्यामुळे आधीच्या ठेक्यावर गाणं चढवताना त्रास होतो. बीट्स आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं रचायची असतील तर एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह. लाइव्हची छोटी आवृत्ती अनेक इंटरफेसबरोबर मोफत मिळते, खोक्यातला कागद फेकू नका.

‘मित्राकडे महागड्याची क्रॅक आहे, ती का नको?’ पैसे न देण्याचा प्रश्न तर आहेच. शिवाय अशा फाइलीतून येणारे व्हायरस, आणि ऐन रेकॉर्डिंगमध्ये बंद पडणारं, कधीच अपडेट न होणारं सॉफ्टवेअर. वर सांगितलेल्यांतली काही फुकट असताना हे कशाला?

## लॅपटॉप बदलायलाच हवा का?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेकांना वाटलं की जुनं यंत्र भंगारात. पाच-सात ट्रॅकच्या रेकॉर्डिंगला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. जुनं यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त रेकॉर्डिंगला ठेवता येतं, किंवा त्यावर लिनक्स टाकून रीपर किंवा आर्डर (असंच एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालवता येतं. त्याआधी आपला इंटरफेस लिनक्सवर चालतो का ते बघा. संगणकातच, आधी टिपून ठेवलेल्या वाद्यांच्या नमुन्यांवरून ऑर्केस्ट्रा वाजवायचा असेल, तर मात्र १६ जीबी लागतात.

रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, वीजबचत बंद, आणि विंडोजच्या माइक सेटिंगमधलं ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सतत चालणारा एकसुरी आवाज म्हणजे कचरा, असं समजून ती यंत्रणा तो पुसते आणि तानपुरा तिला नेमका तसाच वाटतो. षड्ज-पंचम विरत जातात, गायक बुचकळ्यात पडतो.

## हमखास होणारे तीन घोटाळे

आवाज फक्त डाव्या कानात येतो. एक माइक स्टिरिओ ट्रॅकवर घेतला गेला आहे. ट्रॅकचं इनपुट मोनो, क्रमांक १ करा.

मागे ‘हूं’ असा गुंजारव. तो ५० हर्ट्झचा, आपल्या घरच्या विजेचाच. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गेला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. सगळी यंत्रं एकाच तीन-पिन एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक लागण्याचा धोका आहे.

पट्टी बदलते. ४४,१०० ने घेतलेलं गाणं चुकून ४८,००० च्या गतीने वाजलं की सुमारे दीड अर्धस्वर चढतं. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी ऐकू येतं. इंटरफेस आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

## ‘मोबाइलवर होत नाही का?’

एकट्या गळ्याचा नमुना गुरुजींना पाठवायला मोबाइल भरपूर झाला. अडचण अशी की बरेच फोन आवाज स्वतःहून कमीजास्त करतात: तार सप्तकात गेलं की दाबतात, खाली आलं की उचलतात. गाण्याचा चढउतारच सपाट होतो. यूएसबीवरून अनेक इंटरफेस फोनलाही जोडता येतात. लॅपटॉप नसेल तर तिथून सुरुवात करा, तोच इंटरफेस पुढे कामाला येतो.

## फाइल बाहेर काढताना

मूळ प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, एमपी३ फक्त पाठवण्यासाठी. आवाज मोठा वाटावा म्हणून तो लिमिटरने (उंच टोकं दाबणाऱ्या इफेक्टने) चेपू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणी साधारण उणे १४ लफ्स या पातळीवर आणून वाजवतात. लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप. चेपलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चेपलेपणा तेवढा शिल्लक राहतो.

रेकॉर्डिंग संपल्यावर, पेटी खोक्यात जाण्याआधी, खोलीतली शांतता वीस सेकंद तशीच टिपून घ्या, सगळे बसलेले असताना. एखादी खोकल्याची जागा कापली तर तिथे तीच शांतता लावायची असते, नाहीतर काप ऐकू येतो. मग पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, त्यातली एक फाइल उघडून ऐका आणि तानपुऱ्याची पट्टी फाइलच्या नावात लिहा.